न तपासलेल्या धुराचे प्रमाणपत्र

गाडीची पीयूसी काढायची तर गाडी केंद्रावर न्यावी लागते, ही गोष्ट आता पुष्कळांना जुन्या काळची वाटते. ओळखीच्या माणसाला नंबर प्लेटचा फोटो पाठवला, पैसे पाठवले, की थोड्या वेळात प्रमाणपत्र मोबाइलवर येते. एका शाखेत यमांचा अभ्यास चालू असताना हा विषय निघाला. तेव्हा एक ज्येष्ठ साधक म्हणाले, "माझी गाडी दोन वर्षांची आहे. सर्व्हिसिंग वेळेवर होते. केंद्रावर नेली असती तर नक्की उत्तीर्ण झाली असती. मग न नेता प्रमाणपत्र घेतले, तर मी असत्य कोणते बोललो? कागदावर जे लिहिले आहे ते खरेच आहे."

वर्गात हशा झाला. कुणी म्हणाले, "काका, शुल्क भरलेत ना, मग झाले." एका ताईंनी मात्र विचारले, "खरेच आहे हे तुम्हाला कसे कळले?" त्या दिवशी वेळ संपली आणि विषय तिथेच राहिला. तो पुढे न्यावा असे वाटते, कारण काकांचा प्रश्न पळवाट म्हणून विचारलेला नव्हता. असत्य म्हणजे जे नाही ते आहे म्हणून सांगणे, अशी आपली नेहमीची समजूत असते. इथे तर जे सांगितले ते कदाचित आहेच. सरकारला शुल्क मिळाले, केंद्रचालकाला त्याचे पैसे मिळाले, पोलिसाला दाखवायला कागद मिळाला. तक्रार करायला कोणीच उरत नाही. मग यमभंग झाला तो कुठे?

कायद्याचे उत्तर सोपे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११५ व्या नियमाप्रमाणे, नोंदणीला एक वर्ष झाले की प्रत्येक वाहनाकडे प्रदूषण नियंत्रणात असल्याचे वैध प्रमाणपत्र हवे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, प्रदूषणाचे निकष मोडणारे वाहन चालवल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते आणि परवानाही तीन महिन्यांसाठी जातो. पण साधकाने दंडाच्या भीतीने सरळ वागावे एवढीच अपेक्षा असेल, तर यमांचा अभ्यास कशाला हवा? वाहतूक पोलीस पुरेसे आहेत.

ताईंच्या प्रश्नाकडे वळू. 'प्रमाणपत्र' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो, पण त्यातला 'प्रमाण' हा दर्शनशास्त्रातला शब्द आहे हे विसरतो. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. डोळ्यांनी पाहिले ते प्रत्यक्ष, धुरावरून अग्नी जाणला ते अनुमान, जाणत्या आणि विश्वासू माणसाने सांगितले ते शब्दप्रमाण. (न्यायशास्त्रात अनुमानाचे नेहमीचे उदाहरण धुराचेच असते, ही गंमत आज जरा जास्तच लागू पडते.) न्यायशास्त्र असे मानते की एखादी गोष्ट योगायोगाने खरी निघाली म्हणून तिला ज्ञान म्हणता येत नाही. ती ज्या मार्गाने कळली तो मार्गही शुद्ध हवा. डोळे मिटून नेम धरणाऱ्याचा बाण लक्ष्याला लागला, तरी त्याला लक्ष्य दिसले असे आपण म्हणत नाही.

पीयूसीच्या कागदावर 'ही गाडी चांगली आहे' असे लिहिलेले नसते. अमुक दिवशी, अमुक वेळी, या गाडीचा धूर या यंत्राने मोजला आणि आकडा हा आला, असे त्यावर लिहिलेले असते. न्यायालयात एखादा साक्षीदार 'मी पाहिले' म्हणतो आणि त्याने पाहिलेले नसते. आरोपी खरोखर दोषी असला, तरी ती साक्ष खोटीच असते. काकांच्या गाडीबद्दलचे विधान खरे असेलही. मोजमाप झाले, हे विधान मात्र निखालस खोटे आहे आणि कागद त्याच विधानासाठी आहे.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याचा विचार फार बारकाईने केला आहे. वाणी आणि मन हे पाहिलेल्या, अनुमान केलेल्या किंवा ऐकलेल्या गोष्टीला धरून असावेत, एवढ्यावर भाष्यकार थांबत नाहीत. वाणी फसवी नसावी, भ्रमातून आलेली नसावी, आणि जिच्यातून ऐकणाऱ्याला काही बोधच होत नाही अशी वांझही नसावी, अशा अर्थाचे ते सांगतात. या तिसऱ्या प्रकारच्या वाणीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. न तपासता दिलेले प्रमाणपत्र हा तिचा अगदी स्वच्छ नमुना आहे. त्यात आकडे आहेत, तारीख आहे, क्रमांक आहे, फोटो आहे. पण त्या आकड्यांतून ना गाडीविषयी काही कळते, ना धुराविषयी. भाषेचा आकार राहिला आणि आतला अर्थ काढून घेतला, असे काहीसे झाले आहे.

'माझी गाडी उत्तीर्ण झालीच असती' हा काकांचा विश्वास तरी कितपत पक्का आहे? त्यासाठी केंद्रावर नेमके काय मोजतात ते पाहावे लागेल.

पेट्रोल किंवा सीएनजी गाडी जागेवर चालू ठेवून तिच्या धुराच्या नळीत एक सळई घालतात. त्या सळईतून धूर यंत्रात ओढला जातो आणि दोन वायू मोजले जातात, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन. बीएस-४ आणि नंतरच्या मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे आणि हायड्रोकार्बनची दहा लाख भागांत २०० भाग. त्याआधीच्या बीएस-२ आणि बीएस-३ मोटारींना ही मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० भाग अशी सैल आहे. डिझेल गाडीचे तंत्र वेगळे. ती न्यूट्रलमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर पुन्हा पुन्हा पूर्ण दाबतात आणि निघालेला धूर किती दाट आहे, म्हणजे तो किती उजेड अडवतो, हे मोजतात. जुन्या गाड्यांना ६५ एककांपर्यंत सूट आहे, बीएस-४ पासून ५० पर्यंत.

आता यातला कार्बन मोनॉक्साइड पाहा. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. पेट्रोल गाडीच्या मागे काळा धूर दिसत नाही, म्हणून ती स्वच्छ आहे असे म्हणता येत नाही. धुराच्या नळीत जो उत्प्रेरक परिवर्तक असतो, ज्याला गॅरेजमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात, तो निकामी झाला तरी गाडी पुष्कळदा पूर्वीसारखीच चालते. पिकअप तोच, आवाज तोच. चालकाला जाणवण्यासारखे फारसे काही घडत नाही. म्हणजे ज्या अनुमानावर काकांचा विश्वास उभा होता, 'गाडी छान चालते, म्हणून धूरही ठीक असणार', त्या अनुमानाचा हेतूच कच्चा आहे. इथे इंद्रियांना दिसत नाही, म्हणून तर यंत्र ठेवले.

हा प्रश्न एकट्या काकांचा राहिलेला नाही. दिल्लीतील वाहन प्रदूषणावर भारताच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेत मांडला गेला. २०१५ ते २०२० या काळातल्या पीयूसी नोंदी त्यात तपासल्या आहेत. मर्यादेपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोकार्बन सोडणाऱ्या सुमारे १ लाख ८ हजार गाड्यांना उत्तीर्ण ठरवून प्रमाणपत्र दिले गेले होते. ७६ हजारांहून अधिक वेळा तपासणी आणि प्रमाणपत्र ही दोन्ही कामे एका मिनिटाच्या आत उरकली होती, जे व्यवहारात शक्यच नाही. आणि सात हजारांहून अधिक नोंदींत एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून अधिक गाड्या तपासल्या गेल्याचे दिसत होते.

हे आकडे वाचून केंद्रचालकांवर राग येणे स्वाभाविक आहे. पण प्रत्येक नोंदीच्या दुसऱ्या टोकाला एक गाडीमालक उभा आहे. त्यांतले किती जण रोज सकाळी ध्यानाला बसत असतील, याचा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षणात येत नाही.

पतंजलींनी हिंसा, असत्य वगैरे यमविरोधी गोष्टींचे वर्गीकरण करताना तीन प्रकार सांगितले आहेत. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला संमती दिलेले. कृत, कारित, अनुमोदित. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे वर्गीकरण आजच्या पीयूसी व्यवहारावर जसेच्या तसे ठेवून पाहता येते. खोटा आकडा टाकतो केंद्रचालक, टाकायला लावतो गाडीमालक. आणि अनुमोदन देणारे किती निघतात पाहा. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वैध पीयूसी असल्याशिवाय वाहनविम्याचे नूतनीकरण करू नये. हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात काही ठिकाणी विम्याचे काम करणारा माणूसच म्हणू लागला, "पीयूसीची काळजी करू नका, ती मीच काढून देतो." आपण आभार मानतो. कार्यालयातला चालक सांगतो, "साहेब, काम झाले," आणि साहेब कसे झाले ते विचारत नाहीत. न विचारणे हीसुद्धा संमतीच असते, आणि ती देताना मनाला काहीच टोचत नाही, म्हणून ती ओळखायला सर्वांत कठीण.

त्याच सूत्रात पुढे म्हटले आहे की या गोष्टी लोभातून, क्रोधातून किंवा मोहातून घडतात. पीयूसीच्या बाबतीत लोभ आहे, पण तो किरकोळ आहे. शंभर-दीडशे रुपयांसाठी कोणाचा धर्म बुडत नाही, वेळ वाचवण्याची घाई एवढेच त्याचे रूप. क्रोध मात्र जास्त वेळा ऐकू येतो आणि तो फार सात्त्विक वेष घेऊन येतो. "रस्त्यावर खड्डे तसेच, सरकारी बसगाड्या काळा धूर ओकत जातात, कारखान्यांना कोणी विचारत नाही, आणि आम्ही रांगेत उभे राहायचे?" या वाक्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? व्यवस्था पक्षपाती असते, हे खरे आहे. पण यम ही व्यवस्थेशी केलेली देवघेव नसते. तू पाळलेस तर मी पाळीन, असा करार ज्याने केला, तो व्रत घेत नसून सौदा करत असतो, आणि सौदा फिसकटायला नेहमीच काहीतरी कारण सापडते.

उरला मोह. 'माझ्या एका गाडीने काय होते?' खरी अडचण इथे आहे, आणि ती बुद्धीचीही अडचण आहे. एका गाडीच्या धुराने एखादा विशिष्ट माणूस आजारी पडला, असे कोणीही कधीही सिद्ध करू शकणार नाही. काठी मारली तर वळ दिसतो. धूर लाखो लोकांत वाटला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला इतका थोडा येतो की तो शून्यच वाटतो. पण मारणारे लाखो आहेत आणि मार खाणारेही लाखो आहेत, आणि लाखो वेळा शून्य मिळवून दिल्लीचा नोव्हेंबर तयार होत नाही. तेव्हा प्रत्येकाचा वाटा शून्य नव्हता, एवढे गणितानेच कळते. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. त्या धुरात कोणाच्या नावाची चिठ्ठी नसते, इतकेच.

श्वासावर साधना करणाऱ्या माणसाने आणखी एक हिशेब करून पाहावा. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते. म्हणजे ते जाळायला साधारण ११ किलो हवा लागली, आकारमानाने सुमारे ९ हजार लिटर. आता शांत बसलेला प्रौढ माणूस एका मिनिटात सहा-सात लिटर हवा आत घेतो. चोवीस तासांत ती होते ९ ते १० हजार लिटर. एक लिटर पेट्रोल आणि एका माणसाचा अहोरात्रीचा श्वास यांची बरोबरी होते! घरापासून कार्यालयापर्यंत जाऊन येताना दोन लिटर पेट्रोल लागले, तर दोन माणसांच्या दिवसभराच्या श्वासाइतकी हवा आपण आत घेतली आणि निराळी करून रस्त्यावर सोडली. ती हवा आपण विकत घेतली नव्हती. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राच्या संदर्भात जो विचार आहे, की मिळालेले परत न करता भोगणे ही चोरी होय, तो इथे आठवतो. हवा घेतल्याशिवाय गाडी चालणार नाही, हे मान्य. पण परत करताना ती कोणत्या अवस्थेत परत केली, हे सळई घालून एकदा पाहणे, एवढीच मागणी आहे. अस्तेयाची ही अगदी किमान पायरी झाली.

आणि परत केलेली ती हवा कोण घेते? सिग्नलला काच वर करून एसी लावणारा त्यातली कमी घेतो. फुले विकणारी मुलगी, चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, रिक्षाचालक, आईच्या बोटाला धरून शाळेत निघालेले मूल हे जास्त घेतात. लहान मुलाचे नाक धुराच्या नळीच्या जवळ असते, आणि शरीराच्या मानाने त्याचा श्वास मोठ्यांपेक्षा वेगाने चालतो.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपण लहानपणी ऐकली आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा म्हणून राजाने गावातले सगळे दूध मागवले. वासरे तळमळली, मुले रडली, पण गाभारा भरला नाही. एका म्हातारीने घरातल्या मुलाबाळांना, गाईवासरांना आधी तृप्त केले, मग खुलभर दूध घेऊन गेली आणि गाभारा भरला. ही कहाणी आपण 'थोडे पण भक्तीने' या अर्थाने सांगतो. पण कहाणीत म्हातारीची भक्ती मोठी होती असे कुठे आहे? बाकीचेही भक्तीनेच आले होते. फरक इतकाच की त्यांच्या दुधात कोणाच्यातरी तोंडचा घास होता आणि हिच्या दुधात तो नव्हता.

आता एक आक्षेप, आणि तो जाणकारांकडून येतो. पीयूसी ही तपासणीच अपुरी आहे. गाडी जागेवर उभी असताना मोजलेला धूर आणि चढावर, गर्दीत, ओझे घेऊन चालताना निघणारा धूर यांत फरक असतो. नायट्रोजनचे ऑक्साइड या चाचणीत मोजलेच जात नाहीत. फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, तेही थेट मोजले जात नाहीत. हे सगळे खरे आहे आणि चाचणी सुधारायला हवी, यात शंका नाही. परंतु यातून 'म्हणून ती टाळली तरी चालेल' हा निष्कर्ष कसा निघतो? तापमापकाने सगळे रोग कळत नाहीत, म्हणून कोणी ताप मोजणे सोडत नाही. निष्कर्ष निघतोच, तर उलटा निघतो. पीयूसी आहे म्हणून मी निर्दोष, असे साधकाला म्हणता येणार नाही. एअर फिल्टर चोंदला, टायरमध्ये हवा कमी राहिली, सिग्नलला दोन मिनिटे इंजिन चालूच ठेवले, यातले काहीही त्या कागदावर येत नाही आणि तरी ते आपल्याच खात्यावर आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याला झटपट उत्तर नाही. जुन्या टेम्पोवर पोट भरणारा माणूस केंद्रावर गेला आणि गाडी अनुत्तीर्ण झाली, तर त्याला पंप, इंजेक्टर दुरुस्त करावे लागतात. तो खर्च म्हणजे त्याची कित्येक दिवसांची कमाई आणि वर गाडी गॅरेजमध्ये उभी. त्याने पैसे देऊन कागद घेतला, तर आपण त्याला काकांच्याच रांगेत उभे करायचे? पतंजलींनी दोषांची मृदू, मध्यम आणि तीव्र अशी प्रतवारी केली आहे ती उगीच नाही. ज्याच्यापुढे पर्याय होता आणि ज्याच्यापुढे नव्हता, या दोघांचे कर्म एक नाही. पण धूर एकच आहे. टेम्पोवाल्याच्या धुराने त्याचे स्वतःचे मूल आधी खोकते. म्हणून इथे उपदेशाला जागा नाही, हातभाराला आहे. आपला किराणा, आपल्या कार्यक्रमाचे मंडप, आपल्या ग्रंथांचे गठ्ठे जो टेम्पो आणतो, त्याच्याशी भाड्याची घासाघीस करताना आपण त्याच्या इंजेक्टरचे पैसे कापत असतो, हे किती जणांच्या लक्षात येते?

दिल्लीत यापुढची पायरी गाठली गेली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांनंतर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राजधानी क्षेत्रात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आणली. अशा गाड्यांना पंपावर इंधन देऊ नये, ही योजना जुलै २०२५ मध्ये सुरू झाली आणि काही दिवसांतच थांबवावी लागली. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई नको असे म्हटले आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. वय पाहावे की प्रत्यक्ष धूर, हा या सगळ्यामागचा वाद आहे. माझ्या मते धूर पाहणे अधिक न्याय्य आहे. कमी वापरलेली, नीट राखलेली जुनी गाडी नव्या पण हेळसांड झालेल्या गाडीपेक्षा बरी असू शकते. पण ही मागणी करायचा अधिकार कोणाला? धुराची तपासणी प्रामाणिक असेल, तरच वयाची सरसकट अट अनावश्यक ठरते. खोट्या प्रमाणपत्रांनी तपासणीवरचा विश्वास संपवला, म्हणून सरकारला वयाची ढोबळ काठी उगारावी लागली, असेही म्हणता येईल.

अशी बंदी आल्यावर पुष्कळांनी गाडी राजधानी क्षेत्राबाहेर विकली. कायद्याने त्यात काही गैर नाही, ना हरकत दाखला मिळतो. साधकाने मात्र इथे थांबून विचार करावा. यमांना पतंजली महाव्रत म्हणतात ते केव्हा? जाती, देश, काळ आणि प्रसंग यांची मर्यादा त्यांना नसेल तेव्हा. भाष्यकारांनी मासे धरणाऱ्याचा दाखला दिला आहे. तो म्हणतो, मी फक्त मासेच मारतो, दुसरे काही नाही. किंवा, तीर्थक्षेत्री मारणार नाही. किंवा, चतुर्दशीला मारणार नाही. ही अहिंसा आहे, पण कुंपण घातलेली. 'दिल्लीत नको, दुसऱ्या जिल्ह्यात चालेल' हे तीर्थक्षेत्री मासे न मारण्यासारखेच झाले. छोट्या गावातल्या मुलाची फुप्फुसे वेगळ्या मातीची नसतात. गाडी विकताना ती दुरुस्त करून, खरी तपासणी करून, आकडा घेणाऱ्याला दाखवून विकता येते. ज्या गाडीचा धूर आता आवरत नाही, ती मोडीत काढता येते. भाव कमी येतो.

त्या दाखल्यात शेवटची सूट प्रसंगाची आहे. एरवी मारणार नाही, देवाधर्माच्या कामासाठी मात्र मारीन. आपल्या चळवळीला ही ओळ सर्वांत जवळून लागू पडते. उत्सवाच्या दिवशी ठिकठिकाणांहून बसगाड्या येतात. सत्संग सुरू होतो आणि वाहनतळावर दहा-पंधरा डिझेल इंजिने एसीसाठी घुरघुरत राहतात, दोन-दोन तास. त्यांच्यामध्ये शिट्टी घेऊन उभी असतात आपलीच तरुण मुले, सेवेचा बिल्ला लावून. आत मंडपात आपण दीर्घ श्वास घ्यायला सांगत असतो.

काही शाखांनी याबाबत विचार सुरू केला आहे. बस ठरवतानाच तिचे पीयूसी प्रमाणपत्र मागायचे आणि त्यावरचा आकडा वाचायचा, नुसती तारीख नाही. स्वयंसेवकांच्या यादीत गाडी असणाऱ्यांनी आपापली तपासणी गाडी नेऊनच करायची. एवढे सोपे आहे. वाहनतळावरची इंजिने बंद करणे तितके सोपे निघाले नाही. एका ठिकाणी स्वयंसेवक इंजिन बंद करा म्हणून सांगायला गेला, तर चालक दादा म्हणाले, "बंद करतो, पण मी बसू कुठे? रात्रभर गाडी चालवून आलोय, एसी बंद केला तर आत भट्टी होते." त्यांचे बरोबर होते. मंडप हजारोंसाठी घातला होता, पण चालकांसाठी सावली, पाणी आणि आडवे व्हायला सतरंजी कोणाच्याच नियोजनात नव्हती. आता तिथे वाहनतळाला लागून एक छोटा मंडप घातला जातो. चालकांचा महाप्रसाद पहिल्या पंगतीला असतो.